टर्बोची गाडी ओढेनाशी झाली, तर घरच्या घरी काय पाहावे?



ऊस एकदा तुटला की त्याचे घड्याळ सुरू होते. तोडलेला ऊस साधारण २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा, कारण पुढे तासागणिक त्याचे वजन घटते आणि साखरही घटते. हे आपण सारे जाणतो. आता समजा, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरच्या एखाद्या शिवारातून दोन ट्रॉल्या भरून ट्रॅक्टर निघाला. मानवतकडे येणाऱ्या रस्त्याला लागला आणि थोड्याशा चढालाच दम टाकू लागला. काल ज्या गिअरमध्ये चढत होता, त्यात आज चढेना. ड्रायव्हर म्हणतो, "मालक, गाडी ओढत नाही." रस्त्यावर कोणीतरी भेटतो आणि बॉनेट न उघडताच निकाल देतो, "टर्बो गेला!"

या दोन शब्दांपायी शेतकऱ्याचा खिसा हलका होतो. टर्बो बदलणे म्हणजे हजारोंचे काम. फिल्टर, होज पाइप, क्लिप ही त्या मानाने किरकोळ कामे. आमचे सांगणे एवढेच आहे, की गाडीची ओढ कमी होण्याची जी कारणे आहेत, त्यांत टर्बो सर्वांत शेवटी तपासावा. पुष्कळदा तो बिचारा धडधाकट असतो. आणि खरोखरच गेला असेल, तर तो आपोआप जात नाही. धूळ, खराब ऑइल किंवा जादा उष्णता यांनी त्याला मारलेले असते. ते कारण तसेच ठेवून नवा टर्बो बसवला, तर नवाही त्याच वाटेने जातो.

टर्बो करतो काय?

इंजिनाला डिझेल लागते हे सर्वांना दिसते. हवा किती लागते ते दिसत नाही, म्हणून लक्षात येत नाही. एक लिटर डिझेल पुरते जाळायला किमान सुमारे १०,००० लिटर हवा लागते. म्हणजे आपली गाडी डिझेलपेक्षा कितीतरी पटीने हवा 'खाते'. जास्त ताकद हवी तर जास्त डिझेल जाळले पाहिजे, आणि जास्त डिझेल जाळायचे तर जास्त हवा हवी.

ही जादा हवा टर्बो देतो. इंजिनातून जोराने बाहेर पडणारा गरम धूर एका चक्राला फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते, ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात ढकलते. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायचे, अशी ही युक्ती. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. आधी जहाजे, विमाने, मग मोटारट्रक आणि आता आपले ट्रॅक्टर, असा तिचा प्रवास झाला. पुण्याजवळ सणसवाडीला होणाऱ्या जॉन डिअरच्या ५५ अश्वशक्तीच्या ५३१० सारख्या ट्रॅक्टरला टर्बो असतो. डिझेल जीप, पिकअप आणि ऊस वाहणारे नवे ट्रक तर टर्बोशिवाय निघतच नाहीत म्हटले तरी चालेल.

हे चक्र मिनिटाला एक लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त फेरे घेते. त्याचा दांडा इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. एका बाजूला कित्येकशे अंश तापलेला धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. म्हणून टर्बोला तीन गोष्टी जिवापाड लागतात: स्वच्छ हवा, स्वच्छ ऑइल आणि थंड व्हायला थोडा वेळ.

आधी चार प्रश्न विचारा

पाना हातात घेण्यापूर्वी ड्रायव्हरला शांतपणे चार गोष्टी विचाराव्यात.

(१) ओढ एकदम गेली की हळूहळू? एकदम गेली असेल तर पाइप निसटणे, फाटणे किंवा डिझेल अडकणे असा संशय घ्यावा. आठ-पंधरा दिवसांत हळूहळू गेली असेल तर कुठेतरी काहीतरी तुंबते आहे.

(२) फक्त भारावर ओढत नाही, की रिकामी असतानाही?

(३) धूर कसा येतो?

(४) अलीकडे काय काम केले? फिल्टर बदलला, पाइप काढला, पंपाला हात लावला, दुसरीकडचे डिझेल भरले, असे काही असेल तर तेथूनच सुरुवात करावी.

याच वेळी एक खात्री करून घ्यावी, की दोष इंजिनाचाच आहे ना? ब्रेक धरून राहिला असेल तर दोन-तीन किलोमीटर चालवून थांबल्यावर त्या चाकाचा ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असतो. हात जवळ नेला तरी धग कळते, लावून बघू नये. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज चढतो, काटा चढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. टायरमध्ये हवा कमी असेल, तरी गाडी जड चालते. ट्रॉलीत भार वाढवून ट्रॅक्टरला दोष देणे, हेही आपल्याकडे होते, ते वेगळे सांगायला नको.

धुराची भाषा

धूर हा इंजिनाचा बोलका साक्षीदार आहे. त्याची भाषा सोपी आहे.

काळा धूर आणि ओढ कमी: डिझेल येते आहे, पण हवा पुरत नाही. आधी हवेची वाट तपासा. हवा ठीक असेल तर नोझल बिघडले असण्याची किंवा पंपाचे डिझेल वाढवून ठेवले असण्याची शक्यता.

धूर फारसा नाही आणि ओढ कमी: हवा आहे, पण डिझेल कमी पडते आहे. डिझेलची वाट तपासा.

निळसर धूर: इंजिन ऑइल जळते आहे. टर्बोचे सील, पिस्टनच्या रिंगा किंवा इंजिनाचा 'श्वास' म्हणजे ब्रीदर तुंबलेला.

पांढरा धूर: डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी जळते आहे. थंड सकाळी सुरू करताना थोडा वेळ आला तर चिंता नाही. गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर मिस्तरीला दाखवावे.

एक सूचना. एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारी जाळी असते. तिला डीपीएफ म्हणतात. या गाड्यांत आत काळा धूर झाला तरी बाहेर दिसत नाही. तेथे धुरावर विसंबू नये.

हवेची वाट: येथेच बहुतेक उत्तर मिळते

आपला भाग काळ्या मातीचा. हंगामात गाडीवाटेवर पिठासारखी धूळ असते, वर पाचटाचे तुकडे. त्यामुळे पहिला संशय एअर क्लीनरवर घ्यावा. त्यावर लाल खूण दाखवणारा दर्शक असेल तर तो पाहावा. नसेल तर फिल्टर काढून त्याच्या आत विजेरी धरावी. उजेड सगळीकडून सारखा झिरपला पाहिजे. एखाद्या ठिकाणी उजेड लख्ख दिसला तर तेथे कागद फाटला आहे, असा फिल्टर लगेच टाकून द्यावा.

फिल्टर टायरवर आपटून झटकण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती मोडावी. आपटल्याने कागद आणि कडेचे रबर दबते आणि धूळ कडेने आत शिरते. हवेने साफ करायचाच तर कमी दाबाची हवा आतून बाहेर मारावी. आतला लहान फिल्टर साफ करायचा नसतो, तो बदलायचा असतो. जुन्या पद्धतीच्या ऑइलच्या एअर क्लीनरमध्ये वाटीतले ऑइल चिखलासारखे झाले की बदलावे आणि खुणेपर्यंतच भरावे. खाली धूळ टाकणारे रबरी तोंड असेल तर ते फाटलेले किंवा मातीने बंद झालेले नाही ना, तेही बघावे.

यानंतर पाइप. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. फिल्टर ते टर्बो हा पाइप हवा ओढणारा आहे. तो फुटला तर ओढ लगेच जात नाही, पण धूळ थेट टर्बोत आणि इंजिनात जाते. हे दुखणे मुके आहे आणि म्हणून जास्त घातक. हा पाइप आतून सोललेला किंवा मऊ झालेला असेल तर जोर दिल्यावर चपटा होतो आणि हवा अडते.

टर्बो ते इंजिन हा पाइप दाबाचा आहे. तो फुटला किंवा क्लिप ढिली झाली तर दाबलेली हवा बाहेर जाते. ओढ एकदम घटते, काळा धूर येतो आणि जोर दिल्यावर फुस्स किंवा शिट्टीसारखा आवाज ऐकू येतो. गाडी जागेवर नुसती चालू ठेवून हा दोष सापडत नाही, कारण भार नसताना टर्बो दाबच धरत नाही. म्हणून इंजिन बंद करून, थंड झाल्यावर प्रत्येक सांधा हाताने वाकवून पाहावा. पाइपाची खालची बाजू मुद्दाम चाचपावी, चीर बहुधा तेथेच लपते. जेथून हवा गळते तेथे ऑइल आणि धूळ मिळून काळा ओला डाग पडतो. तो डाग हाच पत्ता. इंटरकूलर असेल तर त्याच्या सांध्यांवरही असाच डाग शोधावा आणि समोरच्या पापुद्र्यांत अडकलेले पाचट, कापसाची बोंडकळी काढून टाकावी.

आणखी एक बारीक नळी असते. पुष्कळ इंजिनांत हवेच्या मॅनिफोल्डमधून ती डिझेल पंपाच्या डोक्यावर जाते. टर्बोचा दाब आला, हा निरोप तिच्यातून पंपाला मिळतो, मग पंप डिझेल वाढवतो. ही नळी तुटली की पंपाला निरोपच पोहोचत नाही. धूर नाही, आवाज ठीक, आणि ओढ मात्र नाही! जीप-पिकअपमध्ये टर्बोच्या बाजूच्या डबीला जाणारी रबरी नळीही अशीच. चिरलेल्या नळीचा तुकडा बदलून काम भागते.

डिझेलची वाट

धूर नसताना ओढ कमी असेल तर टाकीपासून सुरुवात करावी. टाकीच्या झाकणाचे श्वासाचे छिद्र मातीने बुजले की टाकीत पोकळी होते आणि डिझेल येईना होते. गाडी अडखळत असताना झाकण जरा सैल करून बघावे, लगेच फरक पडला तर चोर सापडला.

नंतर पाणी वेगळे करणाऱ्या वाटीतले पाणी सोडावे. डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला हे कोणाला आठवत नसेल, तर तो बदलण्याची वेळ झाली असे समजावे. टाकी ते पंप या वाटेत सांधा ढिला असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते आणि इंजिन अडखळते. सांधे आवळून जुन्या पद्धतीच्या पंपाची हवा हातपंपाने काढावी. नव्या कॉमन रेलच्या इंजिनात मात्र उच्च दाबाच्या नळीला पाना लावू नये. तेथे दाब इतका प्रचंड असतो, की डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. अशी जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी लगेच दवाखान्यात जावे लागते.

एक साधी गोष्ट राहून जाते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर पंपावरची दांडी शेवटच्या टोकापर्यंत जाते का? केबल ताणली असेल किंवा पायाखालची चटई अडत असेल तर अर्धीच ताकद मिळते.

धूर जाण्याची वाट

हवा आत येण्याइतकेच धूर बाहेर जाणे महत्त्वाचे. मॅनिफोल्ड आणि टर्बो यांच्यामधले गॅस्केट फुटले की चक्र फिरवणारा जोरच निसटतो. तेथे काजळीचा पंख्यासारखा डाग दिसतो आणि थंड इंजिनावर टक-टक किंवा फट-फट असा आवाज येतो. सायलेन्सर आतून मोडून तुंबला असेल तरी गाडी दम धरते.

डीपीएफच्या गाड्या कारखान्याच्या यार्डात तासन् तास नुसत्या चालू ठेवल्या तर काजळी साठते. ती जळायला धूर पुरेसा तापावा लागतो. दिवा लागला तर गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सलग चालवून जाळी मोकळी करावी. दुर्लक्ष केले तर गाडी स्वतःच ताकद कमी करते.

आता टर्बो

वरचे सगळे झाल्यावर टर्बोकडे वळावे. इंजिन बंद, चावी खिशात आणि टर्बो पूर्ण थंड. एअर क्लीनरकडचा पाइप काढून आतल्या चक्राची पाती बघावीत. कडा झिजलेल्या, वाकलेल्या किंवा तुटलेल्या असतील तर धूळ किंवा काहीतरी बाहेरचे आत गेले आहे.

चक्र बोटाने फिरवावे. मोकळे फिरले पाहिजे, कोठे घासता कामा नये. दांडा बाजूला किंचित हलला तर घाबरू नये. तो ऑइलवर तरंगणारा असल्यामुळे तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण आत-बाहेर हाताला जाणवेल इतका सरकत असेल किंवा हलवल्यावर पाती घराला टेकत असतील, तर टर्बो संपला.

पाइपात थोडा ऑइलचा ओलावा असणे नवल नाही. ऑइल साचलेले असेल तर मात्र लगेच टर्बोवर आळ घेऊ नये. एअर फिल्टर तुंबलेला, टर्बोतून ऑइल खाली परत जाणारी नळी तुंबलेली किंवा इंजिनाचा ब्रीदर तुंबलेला असेल, तरी चांगला टर्बोही ऑइल टाकतो.

पाइप काढलेल्या स्थितीत इंजिन कधीही सुरू करू नये. बोट, रुमाल, धोतराचा सोगा, काहीही क्षणात आत जाईल.

बिनचावीचे पळणारे इंजिन

टर्बोचे सील पुरते फुटले, तर इंजिन स्वतःचेच ऑइल पिऊन पळू लागते. निळ्या-पांढऱ्या धुराचा लोट उठतो, आवाज चढतच जातो आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. त्याला डिझेल नव्हे, ऑइल मिळत असते. अशा वेळी गाडी उभी असेल आणि जागा सुरक्षित असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये टाकावी आणि क्लच एकदम सोडावा. किंवा हवा ओढणाऱ्या तोंडावर सपाट फळी दाबून धरावी. हात किंवा कापड कधीही नाही. जमत नसेल तर माणसांना दूर करावे आणि आपणही दूर व्हावे. गाडी पुन्हा घेता येते.

संगणकाच्या गाड्या

जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. येथे एक खूण ध्यानात ठेवावी. गाडी एकदम मरगळते, इंजिनाचा दिवा लागतो, बंद करून पुन्हा सुरू केली की काही वेळ ठीक चालते आणि भारावर पुन्हा तेच. म्हणजे संगणकाने काहीतरी चुकते आहे असे पाहून ताकद मुद्दाम रोखली आहे. घरी पाइप, फिल्टर, वायरींचे सॉकेट आणि उंदराने कुरतडलेल्या वायरी बघाव्यात. त्यात काही नसेल तर यंत्र लावून दोषाचा क्रमांक वाचून घ्यावा. त्या क्रमांकाचा कागद मागून घ्यावा. क्रमांक म्हणजे निकाल नव्हे. 'टर्बोचा दाब कमी' असे आले तरी कारण फाटलेला पाइप असू शकतो.

टर्बो जगवायचा कसा?

गाडी सुरू केल्यावर लगेच दामटू नये, ऑइल वर पोहोचायला अर्धा-एक मिनिट द्यावे. भार ओढून आल्यावर वजनकाट्यावर किंवा यार्डात लगेच चावी बंद करू नये. दोन-तीन मिनिटे संथ चालू ठेवावी. एकदम बंद केली तर तापलेल्या दांड्याभोवतीचे ऑइल जळून कोळसा होते आणि ऑइलची वाट बुजते. पण तास-तास चालू ठेवणेही वाईटच. दोन-तीन मिनिटे पुरेत.

ऑइल पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचे आणि सांगितलेल्या तासांना बदलावे. ऑइल फिल्टरही त्याच वेळी.

आणि शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. दोन ट्रॉल्या ओढाव्यात म्हणून पंप खोलून डिझेल वाढवून घेण्याची चाल पडली आहे. चार दिवस गाडी जोरात ओढते, काळा धूर ओकते आणि मालकाला वाटते ताकद वाढली. काळा धूर म्हणजे न जळलेले, आपल्या पैशाचे डिझेल. जे जळते ते टर्बो, पिस्टन आणि हेड यांना जादा तापवते. टर्बो लवकर जातो आणि मग आपणच म्हणतो, टर्बोच्या गाड्या टिकत नाहीत.

उन्हाळ्याचाही विचार करावा. हवा २० अंशांवरून ४० अंशांवर गेली की सुमारे ६ टक्क्यांनी विरळ होते. हंगामाच्या अखेरीस भर दुपारी थोडी ओढ कमी वाटली तर तो दोष नव्हे. तीच गाडी पहाटे चालवून बघावी.

थोडक्यात क्रम असा

भार, ब्रेक, क्लच. मग धूर पाहणे. मग एअर फिल्टर. मग पाइप, क्लिपा आणि बारीक नळ्या. मग टाकीचे झाकण, पाणी, डिझेल फिल्टर. मग गॅस्केट आणि सायलेन्सर. आणि सर्वांत शेवटी टर्बो. एवढे पाहायला एक पाना, एक पेचकस, एक विजेरी आणि तासभर वेळ पुरतो.

मिस्तरीकडे जायचे नाही, असे आमचे म्हणणे नाही. नोझल, पंप, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन ही त्यांचीच कामे. पण जाताना "गाडी ओढत नाही" एवढेच सांगू नये. "ओढ एकदम गेली, काळा धूर आहे, फिल्टर नवा आहे, पाइप तपासले आहेत" असे सांगावे. चांगला मिस्तरी अशा गिऱ्हाइकावर खूश होतो आणि दुसऱ्या प्रकारचा जपून बोलतो. टर्बो बदलायलाच लागला, तर पैसे देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: "जुना गेला कशाने?" उत्तर मिळेपर्यंत नवा बसवू देऊ नये.

ड्रायव्हर मंडळींना हा लेख वाचून दाखवावा आणि अंक ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत ठेवावा, अशी सर्व सभासदांना विनंती आहे.